आपोआप ओसरणारा कर्करोग आणि श्रेयाचे धनी

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना एक जाहीर निवेदन काढावे लागले. निमित्त घडले ते माजी क्रिकेटपटू आणि पंजाबातील राजकीय नेते नवज्योतसिंग सिद्धू यांच्या अमृतसरमधील पत्रकार परिषदेचे. आपल्या पत्नीचा चौथ्या अवस्थेतील कर्करोग हटला आणि त्यात हळद, कडुनिंब, लिंबूपाणी व उपवास यांच्या आहारक्रमाचा मोठा वाटा होता, असे त्यांनी तेथे सांगितले होते. श्रीमती सिद्धू यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि रसायनोपचारही झाले होते. पण लोकांच्या कानांत राहिले ते हळद आणि कडुनिंब. पुढे सिद्धू यांनी खुलासा केला की, जे केले ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच केले. खुलाशांना मात्र मूळ विधानाचे पाय कधीच नसतात. या पदार्थांनी कर्करोग बरा होतो असे म्हणण्यास पुरावा नाही आणि अशा भरवशावर कोणीही उपचार लांबणीवर टाकू नयेत, एवढेच त्या २६२ जणांचे म्हणणे होते. ते बिनतोड होते.

तथापि या वादाच्या कडेला एक प्रश्न उभा आहे व तो दोन्ही पक्षांना सारखाच गैरसोयीचा आहे. कर्करोग, क्वचित का होईना, त्याच्यावरील कोणत्याही विशिष्ट उपचारावाचून ओसरतो. ही अफवा नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली निदान पक्के झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापल्या गेल्या आहेत, आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, म्हणजे लिम्फोमात, त्या विशेष संख्येने आढळतात. भोंदूगिरीशी लढणारे लोक या विषयाला हात घालण्यास बिचकतात. एकदा हे कबूल केले की प्रत्येक बुवा आपली पुडी घेऊन पुढे येईल, अशी त्यांना धास्ती वाटते. परंतु बुवाचे बळ या मौनातूनच वाढते. ज्याच्या आळीत असा एखादा रुग्ण प्रत्यक्ष हिंडताफिरताना दिसतो, त्याला ‘असे होतच नाही’ हे सांगून पटत नाही. उलट सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. साप उतरवणाऱ्या मांत्रिकाची कीर्ती गावोगाव टिकली ती केवळ थापांवर नव्हे. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही; म्हणून मांत्रिकाकडे नेलेली बहुतेक माणसे जगतच असत. काविळीची माळ घालणाऱ्याचेही तेच. नेहमीची कावीळ काही आठवड्यांत आपली आपण उतरते आणि तेवढ्या दिवसांत माळही लांब झालेली असते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हे लोकांना समजावून दिले, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या कायद्यात सर्प, श्वान व विंचू यांच्या दंशावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करण्यास गुन्हा ठरवण्यात आले. मंत्राचे यश कशात होते हे उलगडून दाखवले गेले, तेव्हाच मंत्राचा धाक कमी झाला. कर्करोगाच्या बाबतीत हा उलगडा सामान्य वाचकापर्यंत अद्याप पुरता आलेला नाही.

लिम्फोमा हा एकच रोग नव्हे. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ज्या पेशी शरीराच्या संरक्षणाचे काम करतात, त्या लिम्फोसाइट पेशींतच बिघाड होऊन त्या बेसुमार वाढू लागल्या की मानेत, काखेत, जांघेत किंवा पोटाच्या आत गाठी येतात. लंडनच्या गाय रुग्णालयातील टॉमस हॉजकिन याने १८३२ साली अशा गाठींचे वर्णन केले आणि त्याचे नाव रोगाच्या एका शाखेला चिकटले. आज या रोगाचे साठांहून अधिक प्रकार मानले जातात. त्यांतील काही आठवड्यागणिक दुप्पट होणारे आणि उपचार न केल्यास काही महिन्यांत जीव घेणारे, तर काही वर्षानुवर्षे संथपणे राहणारे असतात. ‘लिम्फोमा औषधाविना बरा झाला’ या वाक्यात कोणता लिम्फोमा हे सांगितलेले नसेल, तर ते वाक्य ‘साप चावला आणि माणूस वाचला’ या वाक्याइतकेच मोघम ठरते.

या विषयाची पहिली भरभक्कम नोंद अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या दोन शल्यविशारदांनी केली. टिल्डन एव्हरसन आणि वॉरन कोल यांनी १९०० सालापासूनचे जागतिक वैद्यकीय वाङ्मय चाळले, संशयास्पद प्रकरणे बाजूला काढली आणि १९६६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या चाळणीतून अवघी १७६ प्रकरणे उरली. त्यांनी केलेली व्याख्या आजही वापरात आहे: कोणताही उपचार नसताना, किंवा जो उपचार झाला तो पुरेसा मानता येणार नाही अशा स्थितीत, घातक गाठ पूर्णतः वा अंशतः नाहीशी होणे. ओसरणे म्हणजे बरे होणे नव्हे, हेही त्यांनी बजावून ठेवले होते. रोग मागे हटतो, पुन्हा येऊही शकतो. साठ हजार ते एक लाख रुग्णांत एखाद्याला असा अनुभव येतो, हा अंदाज पुढे कितीतरी वर्षे उद्धृत होत राहिला. सर्व कर्करोगांना एकच मोजपट्टी लावणारा हा आकडा लिम्फोमाच्या बाबतीत किती अपुरा होता, हे नंतर दिसून आले.

१९७१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात युगांडातील एका मुलाची हकीकत आली. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने आफ्रिकन मुलांच्या जबड्यात व डोळ्यामागे येणाऱ्या, झपाट्याने फुगणाऱ्या ज्या गाठींचे वर्णन १९५८ साली केले होते, तीच गाठ या आठ वर्षांच्या मुलाच्या उजव्या डोळ्यामागे होती. कंपाला येथील लिम्फोमा उपचार केंद्रात एव्हरम ब्लूमिंग आणि जॉन झीग्लर हे डॉक्टर त्याच्यावर उपचार सुरू करणार, तोच मुलाच्या अंगावर गोवर उमटला. उपचार थांबवावे लागले. गोवराबरोबर गाठ लहान होऊ लागली आणि बघता बघता नाहीशी झाली. औषधाचा एक थेंबही तोवर दिलेला नव्हता. गोवराने दगावणाऱ्या मुलांची संख्या त्या काळी आफ्रिकेत प्रचंड होती. तेव्हा गोवर हा काही उपाय म्हणून सुचवण्याजोगा नव्हता. मात्र एका विषाणूच्या आगमनाने शरीरात अशी काही खळबळ उडाली की, जी गाठ डोळा बाहेर काढू पाहत होती ती विरघळली, हे निर्विवाद होते. चार दशकांनी, २०१४ साली, अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेत बदल घडवलेला गोवराचा विषाणू मज्जेच्या कर्करोगाच्या रुग्णांना प्रचंड मात्रेत टोचून पाहिला आणि एका स्त्रीचा रोग पूर्णपणे ओसरल्याचे जाहीर केले. कंपालाचा धागा तेथवर पोचतो.

तसाच दुसरा दाखला करोनाच्या साथीत मिळाला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील ट्रूरो येथील रुग्णालयात ६१ वर्षांच्या एका गृहस्थाला हॉजकिन लिम्फोमाचे निदान झाले. मूत्रपिंडाचे रोपण निष्फळ ठरल्याने ते डायलिसिसवर होते. लिम्फोमाचे उपचार सुरू होण्यापूर्वीच त्यांना करोनाने न्युमोनिया झाला. अकरा दिवस रुग्णालयात राहून ते घरी गेले. त्यांना स्टेरॉइड दिलेले नव्हते, कर्करोगाचे औषधही नाही. चार महिन्यांनी पुन्हा चित्रण केले तेव्हा अंगभर पसरलेल्या गाठी बहुतांशी मावळल्या होत्या. रक्तातील एपस्टाइन-बार विषाणूचे प्रमाणही बरेच खाली आले होते. १९६४ साली हा विषाणू प्रथम दिसला तो बर्किटने वर्णिलेल्या गाठींच्याच पेशींत, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ट्रूरोच्या डॉक्टरांनी २०२१ च्या जानेवारीत छापलेल्या आपल्या छोट्या टिपणात असे अनुमान केले की, करोनाशी लढण्यासाठी जागृत झालेल्या पेशी लिम्फोमाच्या पेशींवरही तुटून पडल्या असाव्यात. त्यांनी ‘असाव्यात’ म्हटले होते. जगभरच्या वृत्तपत्रांत पोचेपर्यंत त्याचे ‘करोनाने कर्करोग बरा केला’ असे झाले.

या दोन्ही कथा चित्तवेधक आहेत. परंतु सामान्य माणसाच्या निर्णयावर ज्याचा परिणाम व्हावा असा पुरावा वेगळाच आहे, आणि त्यात नाट्य मुळीच नाही. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात सँड्रा हॉर्निंग आणि सॉल रोझेनबर्ग यांनी संथ प्रकारच्या लिम्फोमाचे ८३ रुग्ण असे निवडले की, ज्यांचा रोग पसरलेला होता पण त्रास फारसा नव्हता, आणि म्हणून ज्यांना लगेच औषध दिलेले नव्हते. त्यांच्यावर केवळ लक्ष ठेवले गेले. १९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, ८३ पैकी १९ जणांच्या, म्हणजे शेकडा २३ जणांच्या गाठी काही काळ आपोआप ओसरल्या. एक लाखात एक नव्हे. जवळजवळ चौघांत एक. अनेकांत रोग पुढे परतला हे खरे, पण तोवर महिने आणि काही वेळा वर्षे गेली होती. उपचाराची गरज पडेपर्यंत मध्यम कालावधी तीन वर्षांचा होता. ब्रिटनमध्ये याच प्रश्नाचा निकाल अधिक कसोशीने लावण्यात आला. तेथे अशा ३०९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांना क्लोरँब्युसिल हे औषध लगेच दिले व उरलेल्यांना गरज पडेपर्यंत दिले नाही. २००३ साली दीर्घकालीन निष्कर्ष हाती आले, तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट उमगला की श्रेयाच्या साऱ्या व्यवहाराचा उलगडा होतो. समजा, संथ लिम्फोमाच्या शंभर रुग्णांना कोणी रोज चिमूटभर अंगारा दिला. काही वर्षांत त्यांतील वीस-बावीस जणांच्या गाठी लहान होतील. अंगारा देणारा खोटे बोलत असेलच असे नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलेले असेल. हे वीस जण पुढल्या दोनशेंना घेऊन येतील. उरलेले ऐंशी जण परत येऊन तक्रार करत नाहीत. ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात किंवा जातच नाहीत. अंगाऱ्याच्या जागी गोमूत्र, गव्हांकुराचा रस, हळद, होमिओपॅथीच्या गोळ्या किंवा महागडी परदेशी जीवनसत्त्वे, काहीही ठेवले तरी हिशेब तोच राहतो. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर निसर्गाचे काम आणि पुडीचे काम वेगळे करताच येत नाही. हा दंडक केवळ वैदूंना नव्हे, डॉक्टरांनाही लागू आहे. क्लोरँब्युसिल तत्काळ देणाऱ्यांनाही आपण आयुष्य वाढवतो आहोत असेच प्रामाणिकपणे वाटत होते. आधुनिक वैद्यकाचा अधिकार त्याच्या प्रयोगशाळांमुळे जितका आहे, त्याहून अधिक तो स्वतःच्याच औषधावर अशी परीक्षा लादून घेण्याच्या तयारीमुळे आहे. आणि ती तयारीही त्याने नेहमीच दाखवली आहे असे म्हणवत नाही.

मात्र या हिशेबाची दुसरी बाजू सांगितली नाही तर तो जीवघेणा ठरेल. हॉजकिन लिम्फोमा हा पसरलेल्या अवस्थेत १९६० पूर्वी बहुधा मृत्यूच घेऊन येत असे; अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ पासून चार औषधांचा एकत्र उपचार सुरू केला आणि आज या रोगाचे बहुसंख्य रुग्ण कायमचे बरे होतात. झपाट्याने वाढणाऱ्या मोठ्या पेशींच्या लिम्फोमातही निम्म्याहून अधिक जण बरे होतात. या रोगांत आपोआप ओसरण्याची वाट पाहणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होय. एकाच नावाच्या दोन रोगांपैकी एकात थांबणे शहाणपणाचे आणि दुसऱ्यात आत्मघाताचे असते, आणि आपला रोग यांपैकी कोणता हे गाठीचा तुकडा तपासल्यावाचून कोणालाही, वैद्याला वा डॉक्टरला, सांगता येत नाही.

‘आपोआप’ हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. कारण ठाऊक नसले की आपण तो वापरतो. अवयवरोपणानंतर परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात. अशा काही रुग्णांना लिम्फोमा होत असे. पिट्सबर्गचे टॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले की, ही दाबणारी औषधे कमी केली तर अनेकदा लिम्फोमाच मागे हटतो. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काही रुग्णांतही तेच आढळले. औषध थांबवताच गाठी ओसरल्याची नोंद १९९३ साली झाली. त्याच वर्षी लंडनच्या पीटर आयझॅकसन यांच्या गटाने जठराच्या एका संथ लिम्फोमाविषयी आणखी नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांनी ज्या जठरातील जंतूचा शोध लावला, आणि ज्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले, तो हेलिकोबॅक्टर जंतू साध्या प्रतिजैविकांनी मारला तेव्हा सहापैकी पाच रुग्णांचा लिम्फोमा मावळला. जंतू सतत चिथावणी देत होता, चिथावणी थांबली, गाठ उपाशी मेली. आज या रोगात प्रथम प्रतिजैविकेच देतात. हा शोध लागण्यापूर्वी दुसऱ्याच कारणासाठी प्रतिजैविके घेतलेल्या एखाद्या रुग्णाचा असा लिम्फोमा ओसरला असता, तर त्याची नोंद ‘आपोआप’ अशीच झाली असती आणि श्रेय बहुधा त्या महिन्यात बोललेल्या नवसाला गेले असते.

अशा एकेका विलक्षण रुग्णाच्या मागे धावणे हे वेडेपणाचे लक्षण मानले जाण्याचाही काळ होता. न्यूयॉर्कचा तरुण शल्यविशारद विल्यम कोली याची एक सतरा वर्षांची रुग्ण हाताच्या सार्कोमाने १८९१ साली दगावली. अस्वस्थ होऊन त्याने रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली, तेव्हा सात वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली. मानेवरील सार्कोमा वारंवार कापूनही परत येत असलेल्या एका स्थलांतरित जर्मन मजुराला धावरे झाले आणि तापाबरोबर गाठ गेली. कोलीने गरीब वस्तीत दारोदार फिरून त्या माणसाला हुडकून काढले. तो ठणठणीत होता. मग कोलीने धावऱ्याचे जंतू, आणि त्यांत धोका दिसल्यावर मेलेल्या जंतूंचे मिश्रण, रुग्णांना टोचण्यास सुरुवात केली. काही बरे झाले, काही झाले नाहीत. त्याच्या नोंदी विस्कळीत होत्या, मिश्रण दर वेळी निराळे होते आणि दुसऱ्यांना तेच फळ मिळेना. क्षकिरण आणि रेडियम यांचा जमाना आला व कोली मागे पडला. त्याची मुलगी हेलन हिने वडिलांची कागदपत्रे पुढे आयुष्यभर जुळवली आणि १९५३ साली एक संशोधनसंस्था काढली. प्रतिकारशक्तीवरील कर्करोगाने लावलेला लगाम सोडवण्याच्या संशोधनाला, ॲलिसन आणि होंजो यांच्या रूपाने, २०१८ साली नोबेल मिळाले. त्या जातीची औषधे हॉजकिन लिम्फोमात आज सर्रास वापरली जातात. कोलीचे औषध टिकले नाही. दप्तरातली ती एक नोंद त्याने वगळली नाही, एवढे मात्र खरे.

कोलीच्या उलट उदाहरण क्रेबायोझेनचे. एव्हरसन आणि कोल यांच्याच इलिनॉय विद्यापीठाचे उपाध्यक्ष आणि नामांकित शरीरशास्त्रज्ञ अँड्र्यू आयव्ही यांनी १९५१ साली या औषधाची द्वाही फिरवली. युगोस्लाव्हियातून आलेल्या एका डॉक्टरने ते बनवले होते आणि ते कशाचे आहे हे गुप्त होते. प्रकरणाने विद्यापीठ हादरले, राजकारण शिरले, रुग्णांचे मोर्चे निघाले. १९६३ साली सरकारी रसायनतज्ज्ञांनी भुकटी तपासली तेव्हा ती स्नायूंत सापडणारे क्रिएटिन हे साधे द्रव्य निघाली. या औषधाशी जोडलेली एक कथा मात्र अजून सांगितली जाते. लिम्फोमाने अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्णाला क्रेबायोझेन टोचताच गाठी वितळल्या. वर्तमानपत्रांत औषधाविषयी शंका छापून येताच तो कोसळला. ‘दुप्पट जोमाचे’ म्हणून नुसते पाणी टोचले तेव्हा पुन्हा उभा राहिला. आणि औषध कुचकामी असल्याचे अधिकृत वृत्त वाचून काही दिवसांत मेला. ब्रूनो क्लॉप्फर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली ती छापली, दुसऱ्या डॉक्टरच्या सांगण्यावरून. एकच रुग्ण, तुलना नाही, ऐकीव माहिती. तरीही मनोबलाने कर्करोग जिंकता येतो, या मताचा ती आधारस्तंभ होऊन बसली.

या मताचा उपद्रव वरवर दिसतो त्याहून मोठा आहे. जो जगला त्याने धीर धरला म्हणून जगला, असे म्हटले की जो मेला त्याचा धीर कमी पडला, असे ओघानेच येते. आईबाप गमावलेल्या मुलांना हा ठपका वर्षानुवर्षे सलत राहतो. २००७ साली अमेरिकेत डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णाची मनःस्थिती आणि त्याचे आयुर्मान यांचा संबंध आढळला नाही. उमेद उपचार सोसायला उपयोगी पडते, दिवस सुसह्य करते. ती गाठीशी लढत नाही.

भारतात या विषयाला आणखी गुंतागुंत आहे, कारण येथे ‘ओसरलेला लिम्फोमा’ हा पुष्कळदा लिम्फोमाच नसतो. मानेत गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो बहुधा खराही असतो. पण तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू करून लिम्फोमाच्या रुग्णाचे मोलाचे महिने घालवल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या परिचयाची आहेत. उलट, १९७२ साली जपानमध्ये वर्णिलेला किकुची रोग तरुण स्त्रियांच्या मानेत गाठी आणतो, ताप आणतो, सूक्ष्मदर्शकाखालीही अननुभवी डोळ्याला लिम्फोमासारखा दिसतो आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत निघून जातो. त्या अवधीत ज्याच्याकडे जावे त्याच्या हाताला यश येणारच! सर्वांत घातक प्रकार स्टेरॉइडचा. हे द्रव्य लिम्फोमाच्या पेशी मारते. म्हणूनच तर रसायनोपचारांत त्याचा समावेश असतो. ‘गावठी औषधाच्या’ पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडल्याचे आपल्याकडे वारंवार उघड झाले आहे. अशी पुडी पोटात गेली की गाठ आठ-दहा दिवसांत खाली बसते, भूक लागते, चेहऱ्यावर तजेला येतो. घरात आनंद होतो. काही आठवड्यांनी गाठ परतते ती अधिक मुजोर होऊन, आणि मधल्या स्टेरॉइडमुळे तिचा तुकडाही आता नीट बोलत नाही. निदान चुकण्याची भीती वाढते. ही फसवणूक ओळखणे शिकल्यासवरल्या कुटुंबालाही कठीण जाते, कारण पुरावा डोळ्यांसमोर असतो.

कायदा आहे. जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा १९५४ चा अधिनियम कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीला गुन्हा ठरवतो. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु तो जाहिरातीपुरता आहे. शेजाऱ्याने सांगितलेली हकीकत, सत्संगातील कथन, एखाद्या नेत्याची पत्रकार परिषद यांना तो पुरा पडत नाही, आणि अशा प्रत्येक बोलण्यावर खटला भरणे इष्टही नव्हे. बोलण्याला उत्तर नोंदींनी द्यावे लागते. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी चालू आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ चा. त्यांनी कोणता कर्करोग कोठे किती, हे देशाला दाखवून दिले. एकेका रुग्णाचे पुढे काय झाले, उपचार सोडून गावी गेलेला माणूस जगला की गेला, हे मात्र रोगसंख्येच्या तक्त्यात मावत नाही. रुग्णालयाच्या लेखी तो ‘पुन्हा आला नाही’ एवढाच उरतो. ज्या थोड्यांचा रोग खरोखर ओसरला असेल ते त्या रकान्यात आहेत आणि पुडीच्या नादाने मेलेले कितीतरी अधिक लोकही त्याच रकान्यात आहेत. पहिल्यांची हकीकत गावभर होते, दुसऱ्यांची होत नाही.

शरीराच्या संरक्षक पेशींकडून हे काम मुद्दाम करून घेण्याचे तंत्र मुंबईतच आकाराला आले, हे येथे नमूद केले पाहिजे. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून निघालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना लिम्फोमाची पेशी ओळखण्याची नवी खूण देतात आणि त्या परत सोडतात. इतर उपचार हरलेल्या काही रुग्णांच्या गाठी त्याने नाहीशा केल्या आहेत. परदेशातील किमतीच्या सुमारे दशांशात तो मिळतो. तरीही खर्च काही लाखांत जातो आणि शिक्षकाच्या वा कारकुनाच्या भविष्यनिर्वाह निधीला तो झेपणारा नाही. सरकारी आरोग्ययोजनांना याचा विचार आज ना उद्या करावाच लागेल.

ट्रूरोच्या डॉक्टरांचे टिपण जगाने गंभीरपणे घेतले ते त्यांच्याकडे आधीचा तुकडा आणि आधीचे व नंतरचे चित्रण अशा तिन्ही गोष्टी होत्या म्हणून. आपल्याकडे निदानाचा कागद कपाटातल्या पिशवीत विरतो, पण मूळ पुरावा सहसा नष्ट झालेला नसतो. तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या लहानशा ठोकळ्यात बसवून प्रयोगशाळा तो वर्षानुवर्षे सांभाळते. त्यातून नवी चकती कापून दहा वर्षांनीही दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येते. तो ठोकळा आणि काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी रुग्णाला मागून नेता येतात, ही गोष्ट मात्र रुग्णांच्या नातेवाइकांना क्वचितच कोणी सांगते.